शूर कोणाला म्हणावे?



मागच्या आठवड्यात मी फळ्यावर एक प्रश्न लिहिला होता : 'शूर पुरुषांची नावे सांगा.' तुम्ही भराभर हात वर केलेत. शिवाजी महाराज, तानाजी, भगतसिंग. एकाने १८५७ साली इंग्रजांशी लढलेल्या सातपुड्यातल्या खाज्या नाईकांचे नाव घेतले. एकीने नंदुरबारच्या शिरीषकुमारचे घेतले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळी लागून तो हुतात्मा झाला, तेव्हा तो अवघा पंधरा वर्षांचा होता. शाब्बास! सगळी उत्तरे बरोबर. फळा भरून गेला.

पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. एक मुलगा उशिरा आला. का रे, म्हणून विचारले तर म्हणाला, "माय आजारी शे. भाकरी मीच करस." झाले! मागच्या रांगेतून कोणीतरी 'बाईमाणूस' म्हटले आणि सारा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो चुलीपुढे बसला होता. माझ्याकडे न बघताच त्याने विचारले, "गुरुजी, भाकरी करणं वाईट शे का?"

मुलांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक तुमच्या एकट्याची नव्हती, आमचीही होती. आम्ही मोठ्यांनी तुम्हाला तलवारीच्या गोष्टी पुष्कळ सांगितल्या, पण चुलीपुढे बसणाऱ्या, झाडू मारणाऱ्या, आजाऱ्याची सेवा करणाऱ्या पुरुषांच्या गोष्टी सांगायच्या राहूनच गेल्या. आज त्यातल्या काही सांगतो. नीट वाचा.

१. मुलांची आई झालेले मास्तर

साने गुरुजी १९२४ साली आपल्या खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. ते वसतिगृहही सांभाळत. मुलांची पसरलेली अंथरुणे, कपडे ते स्वतःच आवरून ठेवत. कोणी आजारी पडले तर त्याच्या उशाशी बसत. त्यांचे डोळे पटकन भरून येत. म्हणून ते भित्रे होते का? मुळीच नाही! स्वातंत्र्यासाठी ते अनेकदा तुरुंगात गेले. १९३२ साली आपल्या धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते सारे साने गुरुजींनी लिहून घेतले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले, आणि मंदिर खुले झाले. पाहा बरं, रडणारा माणूस आणि मागे न हटणारा माणूस एकच!

२. आईची गाणी जपणारा मुलगा

बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या गाणी रचायच्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. पण 'अडाणी आईच्या ओव्यांत काय ठेवले आहे' असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी आणि नात्यातल्या एका भावाने ती गाणी कागदावर उतरवून ठेवली. १९५१ साली आई गेली. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. मुलाने आईचे ऐकून घेतले नसते, तर आज ही गाणी आपल्याला कुठून मिळाली असती?

३. झाडू हाती घेतलेले बाबा

गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी झाला. अंगावर चिंध्या, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांची मने झाडायची! शाळेत जायला मिळाले नाही, तरी पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा, असे ते सांगत फिरले. झाडण्याला ते हलके काम मानत नसत. मग आपण का मानावे?

४. घाबरलो, हे कबूल करणारे बाबा

बाबा आमटे तरुणपणी मोठे धाडसी म्हणून ओळखले जात. एकदा वरोऱ्याला पावसात रस्त्याच्या कडेला कुष्ठरोगाने सडलेला तुळशीराम नावाचा माणूस त्यांनी पाहिला आणि ते घाबरून पळाले. पण ही भीती त्यांनी झाकून ठेवली नाही. ते परत आले आणि त्या माणसाची सेवा केली. पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले. तिथे कुष्ठरोग्यांना भीक नव्हे, काम आणि मान मिळाला. भीती वाटणे ही लाजेची गोष्ट नाही. भीती वाटूनही परत येणे, याला धैर्य म्हणतात.

५. आपल्या पांझरेचा पाटकरी

आता अगदी घरचे उदाहरण. पांझरेच्या बंधाऱ्यांवर जुनी फड पद्धत होती. गावकरी मिळून पाटकरी नेमत. पाटाचे पाणी शेतांना वाटून देणे हे त्याचे काम. वरच्या शेताला आणि अगदी शेवटच्या शेतालाही आपापल्या पाळीप्रमाणे पाणी मिळायला हवे. कोणी दमदाटी करो की गोड बोलो, पाळी मोडायची नाही. पुस्तकात त्याचे नाव नसेल, पण त्याच्या प्रामाणिकपणावर घराघरातली चूल पेटायची.

बघा मुलांनो, कोणी पाणी वाटतो, कोणी जखम धुतो, कोणी आईचे शब्द जपतो. म्हणजे तलवार कमी झाली का? नाही. शिवाजी महाराज लढले तसे रयतेच्या पिकाला सैन्याचा उपद्रव होऊ नये म्हणून जपलेही. लढणे आणि जपणे ही दोन्ही कामे माणसाचीच. तव्यावर भाकरी टाकणारा हात दुबळा नसतो. विस्तवाशी त्याची रोजची गाठ असते!

आपला मित्र सोमवारपासून शाळेत येऊ लागला आहे. त्याची भाकरी अजून थोडी करपते. त्याला हसू नका. जमले तर त्याच्याकडून शिका.

पालकांना विनंती : रात्री जेवणे झाल्यावर मुलामुलींना एक तरी गोष्ट सांगा. ती राजाची असो नाहीतर तुमच्या काकाची, आजोबांची. आणि मुलगा रडला तर "पोऱ्या असून रडतोस?" असे म्हणू नका. "काय झालं रे?" एवढेच विचारा.

स्वाध्याय

१. साने गुरुजी हळवे होते आणि निर्भयही होते, हे एकेका उदाहरणाने सांगा.
२. तुमच्या घरातला किंवा गल्लीतला कोणता पुरुष दुसऱ्यांची काळजी घेतो? पाच ओळी लिहा.
३. आजीला किंवा आईला येणारे एक गाणे विचारून वहीत उतरवा.
४. (मुलांसाठी) येत्या रविवारी घरातले एक काम न सांगता करा. कोणते केले, ते वर्गात सांगा.

— वर्गशिक्षक, इयत्ता चौथी, पिंपळनेर