उन्हाळी फुलबाग : चौदा एप्रिल ते वैशाख पौर्णिमा

आपल्या वर्षातील मोठे दिवस भर उन्हाळ्यात येतात. ११ एप्रिलला महात्मा जोतीराव फुले यांची जयंती, १४ एप्रिलला बाबासाहेबांची, एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात वैशाख पौर्णिमा आणि २७ मे रोजी माता रमाईंचा स्मृतिदिन. विदर्भात या दिवसांत पारा चाळिशीच्या आसपास वा त्याही वर असतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात तो ४५ अंशांपलीकडे जातो. नेमक्या याच काळात बाजारात फुले महाग होतात आणि मिळतात तीही आदल्या दिवशीची. सकाळी पुतळ्याला घातलेला हार दुपारच्या मिरवणुकीपर्यंत काळवंडलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. ही फुले आपल्याच अंगणातून, तीही घरात एकदा वापरून झालेल्या पाण्यावर, निघू शकतात असे आमचे अनुभवाअंती मत झाले आहे. मात्र त्यासाठी काम एप्रिलमध्ये नव्हे, डिसेंबरात सुरू करावे लागते.

जोतीरावांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईच्या काळात फुलांचा व्यवसाय केल्यामुळे ते ‘फुले’ झाले. ज्यांच्या आडनावातच श्रमाने पिकविलेली फुले आहेत, त्यांच्या जयंतीला विकतचा सुकलेला हार आणावा लागणे आम्हांला खटकते, एवढे येथे नमूद करतो.

पण आधी पाण्याचा प्रश्न. ज्या वस्तीत टँकर चार दिवसांनी येतो तेथे फुलझाडांना पाणी घालणे ही चैन नव्हे काय, असे पालक-सभेत एका मातेने आम्हांला विचारले होते. प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या समाजाने तो विचारावा हे अधिकच रास्त. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी व हजारो सत्याग्रहींनी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरील हक्काचा न्यायालयीन लढा मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत, म्हणजे तब्बल दहा वर्षे चालला. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी विहिरीपासून दूर उभे राहून घागरीत कोणी पाणी ओतील याची वाट पाहिली, त्यांनी पाणी वाया घालवू नये. म्हणून या लेखात फुलांसाठी नळाचे नवे पाणी कोठेही मागितलेले नाही.

पाच माणसांच्या घरात तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी रोज अर्धी बादली तरी सहज निघते. ते मोरीत न ओतता वेगळे ठेवावे. ते ताजेच घालावे. रात्रभर ठेवल्यास आंबते आणि चिलटे धरतात. साबणाच्या व कपड्यांच्या पाण्याचे मात्र तसे नाही. धुण्याच्या पावडरीतील सोडियम मातीत साठत जातो आणि काळी माती दगडासारखी घट्ट होते. ते पाणी कुंड्यांना घालू नये. मोरीच्या तोंडाशी कर्दळ लावावी. कर्दळीला ओल प्रिय आहे, असले पाणी ती चालवून घेते आणि भर वैशाखात लाल-पिवळी फुले देते. कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी हा आणखी एक मोह आहे. कूलरमध्ये पाणी उडून जाते व क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेला साचलेला पांढरा थर त्याचीच खूण होय. हे पाणी फुलझाडांना घातल्यास पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हावर जातो.

आता उलटी मोजणी. १४ एप्रिल ही तारीख पुढे ठेवून मागे यावे. झिनियाला बी पेरल्यापासून फूल येण्यास सुमारे साठ दिवस लागतात, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बी टाकावे, आणि वैशाख पौर्णिमेसाठी दुसरी पेरणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात करावी. झिनियाची रोपे उपटून लावलेली आवडत नाहीत. बी जागच्या जागीच पेरावे. ज्याला आपल्याकडे बाजारात गलांडा म्हणतात, त्या गेलार्डियाला अधिक अवधी हवा. त्याचे बी डिसेंबरअखेर वाफ्यात टाकून महिन्याभराने रोपे हलवावीत. हार ओवण्यासाठी उन्हाळ्यात गलांड्याइतके टिकाऊ फूल दुसरे नाही, आणि झेंडूप्रमाणे ते उन्हात लवकर मान टाकीत नाही.

मोगऱ्याचे गणित निराळे आहे. अनेक घरांत मोगरा आहे पण फुले नाहीत, अशी तक्रार असते. कारण बहुधा एकच : हिवाळाभर त्याला पाणी मिळत राहते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते, आणि नवी फूट जोमाने येण्यासाठी आधी विश्रांती लागते. डिसेंबरात त्याचे पाणी तोडावे. पाने पिवळी पडू लागली तरी घाबरू नये. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात झाड गुडघ्याएवढे छाटावे, उरलेली पाने हाताने खुडून टाकावीत, बुडाशी दोन ओंजळी पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे आणि मग पाणी सुरू करावे. पाच-सहा तास थेट ऊन मिळाले तर मार्चपासून कळ्या दिसू लागतात. पहिला बहर ओसरला की फुले आलेली टोके बोटभर छाटावीत, म्हणजे पुन्हा फूट येऊन मे महिन्यातही फुले मिळतात. पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत व जड पाण्यावर हे हमखास घडते. अशा वेळी शेणखत वाढवावे आणि विहिरीच्या जड पाण्याऐवजी डाळ-तांदळाचे पाणी द्यावे. पाली वाङ्मयात ‘वस्सिका’ नावाचे जे फूल येते, ते मोगऱ्याच्या जातीचेच असे अभ्यासक मानतात. नाव पावसाळ्यावरून पडलेले आहे, पण आमच्या अंगणात त्याचा खरा बहर पावसाआधीचाच असतो.

सर्वांत गरीब अंगणाचे फूल कोणते, असे विचारल्यास आम्ही चिनी गुलाबाचे नाव घेऊ. काही जण त्याला ‘ऑफिस टाईम’ म्हणतात, कारण ते ऊन चढल्यावर उमलते आणि दिवस कलला की मिटते. आपण खातो त्या घोळीच्या भाजीचे ते सख्खे भावंड. पाने आणि देठ पाण्याने भरलेले असतात. दुष्काळात ही वनस्पती एक विलक्षण गोष्ट करते : दिवसा पानांची रंध्रे मिटून घेते आणि लागणारा वायू रात्रीच्या गारव्यात आत घेते, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. फुटकी घमेली, तेलाचे कापलेले डबे, चार बोटे माती, काहीही पुरते. फेब्रुवारीअखेर वीतभर फांदीचे तीन-तीन तुकडे करून खोचावेत. विकत घेण्याचे कारण नाही; शेजाऱ्याकडे असतेच.

बोगनवेलीबाबत लोक नेमकी उलटी चूक करतात. प्रेमाने रोज पाणी घालतात आणि वेल पानांनी भरून जाते. तिला ताण हवा. पाने किंचित मलूल होईपर्यंत थांबून मग भरपूर पाणी द्यावे. मुळे खोल गेली की जमिनीतील वेलीला आठवड्यातून एकदा पाणी पुरते. ज्याला आपण तिचे फूल समजतो ती रंगीत पाने होत; खरे फूल आतले लहानसे, पांढरट. ब्राझीलहून ही वेल युरोपीय अभ्यासकांच्या नोंदीत आली ती फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हील याच्या १७६६ ते १७६९ च्या सफरीत. त्या जहाजावरील वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सों याची सहायक झान बारे ही पुरुषवेषात काम करीत होती, कारण स्त्रीला जहाजावर मज्जाव होता. पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून आज तिचे नाव घेतले जाते. वेलीला मात्र नाव मिळाले कप्तानाचे. इतिहासात हे असेच चालते, हे आमच्या विद्यार्थ्यांना निराळे सांगायला नको.

बौद्ध विहारांच्या आवारात हमखास दिसणारा पांढरा चाफाही मूळचा इथला नाही. तो मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांकडचा. सोळाव्या शतकानंतर आशियात आला आणि श्रीलंकेत तर बुद्धपूजेचे नेहमीचे फूल झाला. सदाफुली व गुलमोहर मादागास्करचे, झिनिया मेक्सिकोचा. देशी रोप शुद्ध आणि बाहेरचे अशुद्ध असा भेद बागेत तरी कोणी आणू नये. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांना व पशूंना उपयोगी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे आणून लावल्याचे कोरून ठेवले आहे. चाफ्याची फांदी फेब्रुवारी-मार्चमध्ये हातभर लांबीची कापावी, चीक वाळून कापलेला भाग कोरडा होईपर्यंत आठ-दहा दिवस सावलीत ठेवावी आणि मगच लावावी. ओल्या कापाने लावलेली फांदी सडते. पहिल्या वर्षी फुलांची अपेक्षा करू नये.

सदाफुलीविषयी दोन शब्द काळजीचे. तिच्यापासून निघणाऱ्या व्हिन्क्रिस्टिन व व्हिन्ब्लास्टिन या द्रव्यांनी रक्ताच्या व अन्य कर्करोगांच्या उपचारात मोठी भर घातली आहे. तीच द्रव्ये विषारीही आहेत. मधुमेहावर उपाय म्हणून तिची पाने-फुले चावण्याचा जो प्रघात आपल्या वस्त्यांत पसरला आहे तो थांबवावा. फुलझाड म्हणून ती उत्तम : पाणी थोडे लागते, बी आपोआप पडून रोपे येतात आणि बकरी तिला तोंड लावीत नाही. कुंपण नसलेल्या अंगणात हा शेवटचा गुण पहिला ठरतो. कण्हेरीलाही बकरी खात नाही, पण तिचा प्रत्येक भाग तीव्र विषारी असल्याने लहान मुले असलेल्या घरात आणि वसतिगृहाच्या आवारात ती नकोच.

मडक्याची रीत मुलांना अवश्य दाखवावी. पाच लिटरचे कच्च्या अंगाचे, म्हणजे आतून-बाहेरून लुकण नसलेले मडके वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरावे, पाणी भरावे आणि डासांसाठी वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू झिरपते. भोवतालची माती कोरडी झाली की अधिक, ओली असली की कमी. वीतभर अंतरावर चारी बाजूंनी झिनिया वा गलांडा लावावा. चार-पाच दिवसांनी मडके पुन्हा भरावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही पद्धत आढळते. घरातला जुना माठ वापरताना एक पारख करावी. ज्या माठात आता पाणी गार होत नाही, त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. पाणी गार होणे आणि झिरपणे ही दोन्ही त्या छिद्रांचीच कामे. असा माठ नारळाच्या शेंडीने खरवडून घेतल्याशिवाय पुरू नये.

माती तीन सारख्या भागांची करावी : काळी माती, मुरूम किंवा रेती, आणि कुजलेले शेणखत. निव्वळ काळी माती कुंडीत आकसते, कडेने भेग पडते आणि घातलेले पाणी मुळांना न शिवता भेगेतून निघून जाते. मातीवर चार बोटे सोयाबीनचे कुटार किंवा वाळलेला पाला पसरावा, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाहीतर उधळी खोडाला लागते. रोज शिंपडण्यापेक्षा तीन दिवसांआड खोलवर पाणी देणे बरे. शिंपडलेले पाणी मुळांना वर बोलावते आणि वरचीच माती आधी तापते. पाणी द्यावे की नाही हे घड्याळाने नव्हे, मातीत बोट खुपसून ठरवावे. पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता टाकत राहते, म्हणून कुंड्या तिच्यापासून दोन हात पुढे आणि एकमेकींना लगटून ठेवाव्यात. मे महिन्यात दुपारी झिनियावर जुने सुती लुगडे ताणले तरी पुरते. मोगरा आणि चिनी गुलाबाला मात्र सावली करू नये.

शाळेच्या बागेची अडचण वेगळी आहे. एप्रिलअखेर मुले घरी जातात आणि जूनमध्ये परततात तेव्हा वाफे वाळलेले असतात. पाली भाषेत ‘आराम’ म्हणजे बाग; संघाराम हा शब्द त्यातूनच आला. जेतवन, वेळुवन ही बुद्धांच्या निवासाची ठिकाणेही बागा-वनेच होती, आणि बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेने औरंगाबादेत १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाच्या परिसराचे नावही नागसेनवन आहे. आपल्या निवासी विद्यालयाचे आवार वर्षातील दोन महिने ओसाड राहू नये, यासाठी आवारात बोगनवेल, चाफा, सदाफुली ही स्वतःच्या मुळांवर उभी राहणारी झाडे लावावीत, आणि झिनिया-गलांड्याच्या कुंड्या सुट्टीत एकेक विद्यार्थ्याने घरी न्याव्यात. ज्या गावी पाणी अगदीच कमी आहे तेथील मुलांना चिनी गुलाब द्यावा.

पहिला पाऊस झाला की मोगऱ्याच्या पेन्सिलएवढ्या जाड फांद्यांची वीतभर छाटकलमे करावीत. चाळीस-पन्नास दिवसांत मुळे धरतात. बोगनवेल याच वेळी छाटावी. गलांडा व झिनियाची झाडावरच वाळलेली बोंडे मेअखेर, पावसाआधी तोडून, दोन दिवस सावलीत पसरून कागदाच्या पुड्यांत ठेवावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून बी बुरसते. पुडीवर फुलाचे नाव, रंग आणि कोणत्या महिन्यात पेरायचे ते लिहावे. अशा दोन पुड्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याने पुढील स्नेहमेळाव्याला सोबत आणाव्यात. एक आपल्या गावची आणि एक दुसऱ्याला देण्यासाठी.