शीट जोडताना परवानगी का अडते?

उधारीचा व्यवहार मुदत ठरवून लिहून ठेवावा, असा आदेश पवित्र कुरआनच्या सूरह बकरातील २८२ व्या आयतीत आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे आणि लिहिणाऱ्यास व साक्षीदारास त्रास दिला जाऊ नये, हेही त्याच आयतीत सांगितले आहे. पूर्वी हे काम गल्ल्याजवळची लाल वही करीत असे. आज आपल्या अनेक दुकानांत व कारखान्यांत ते गूगल शीट करते. वही एकाच ठिकाणी असे; शीट मात्र दुकान, गोदाम आणि कारखाना येथे एकाच वेळी उघडते. त्यामुळे 'कोणी काय पाहावे' हा प्रश्न नव्याने उभा राहतो. या धड्यात आपण तोच समजून घेऊ.

समजा, मालेगावचा एक कापड व्यापारी आठ मागवाल्यांना सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेतो. दुकानातील मुख्य फाईलमध्ये प्रत्येकाला दिलेले सूत, आलेले कापड, मजुरीचा दर, उचल आणि बाकी अशी नोंद आहे. गोदामातील मुनीमजींची फाईल वेगळी आहे. त्यांना फक्त आलेले कापड किती मीटर, एवढेच हवे. म्हणून ते 'इम्पोर्टरेंज' हे सूत्र वापरतात. या सूत्रात दोन गोष्टी द्याव्या लागतात : मूळ फाईलचा पत्ता, आणि त्यातील पानाचे नाव व रकाने. सूत्र लिहिले, पण आकड्यांऐवजी घरात 'आरईएफ' अशी अक्षरे आली. माल निघायची वेळ झालेली, गाडी दारात उभी, आणि दोष मात्र मुनीमजींच्या माथी!

येथे एक मूळ गोष्ट ध्यानात घ्यावी. परवानग्या दोन असतात. पहिली माणसाची : मूळ फाईल कोणत्या ईमेलला 'शेअर' केली आहे आणि त्याला व्ह्यूअर, कॉमेंटर की एडिटर केले आहे. दुसरी फाईलची : या फाईलने त्या फाईलमधून आकडे ओढावेत की नाही. माणसाला परवानगी असली म्हणजे फाईललाही मिळाली, असे होत नाही. पुष्कळ घोटाळा येथेच होतो.

'आरईएफ' दिसताच सूत्र खोडू नये. त्या घरावर माऊसचा बाण न्यावा. खाली जो संदेश दिसतो, तो वाचून उपाय करावा. हे काम मोबाईलपेक्षा संगणकावर करणे सोयीचे.

१) 'या शीट जोडाव्या लागतील' असा संदेश आणि 'अलाऊ ॲक्सेस' हे बटण दिसले, तर फक्त फाईलची परवानगी बाकी आहे. बटण एकदा दाबले की काम होते.

२) 'तुम्हाला त्या शीटची परवानगी नाही' असे आले, तर माणसाची परवानगी नाही. मालकाने मूळ फाईल उघडून 'शेअर' मध्ये कोणाची नावे आहेत ते पाहावे. बहुधा परवानगी एका ईमेलला दिलेली असते आणि संगणकावर दुसराच ईमेल चालू असतो. घरचा, दुकानाचा आणि मुलाचा असे तीन ईमेल एकाच यंत्रावर असले की हे हमखास घडते.

३) 'पान किंवा रकाने सापडत नाहीत' असे आले, तर परवानगीचा प्रश्नच नाही. कोणी तरी मूळ फाईलमधील पानाचे नाव बदलले आहे, अथवा सूत्रात ते चुकीचे लिहिले आहे.

४) 'आधीची माहिती पुसली जाईल' अशा अर्थाचा संदेश असेल, तर आकडे उतरायच्या जागी आधीच काही लिहिलेले आहे. ती जागा रिकामी करावी.

कधी हे सूत्र दुसऱ्या मोठ्या सूत्राच्या पोटात लिहिलेले असते, तेव्हा 'अलाऊ ॲक्सेस' चे बटण दिसत नाही. अशा वेळी रिकाम्या घरात नुसते इम्पोर्टरेंज लिहावे, परवानगी द्यावी आणि मग ते घर पुसून टाकावे. मोठे सूत्र आपोआप चालू लागते.

आता खरी जोखीम पाहा. एकदा 'अलाऊ ॲक्सेस' दाबले की गोदामाच्या फाईलचा कोणताही एडिटर मुख्य फाईलचा कोणताही भाग ओढू शकतो. आपण फक्त मीटरचा रकाना जोडला असला, तरी सूत्रातील रकाना बदलला की मजुरीचे दर आणि प्रत्येकाची उचलही समोर येते. रकाना लपवला म्हणजे तो सुरक्षित झाला, असे समजू नये. लपवलेले आकडेही ओढता येतात. एका मागवाल्याने घेतलेली उचल दुसऱ्याच्या तोंडी गेली, तर पैशाचे नुकसान होवो न होवो, त्या माणसाची अब्रू जाते. कारागिराची बाकी ही आपल्याजवळची अमानत आहे.

यावर सोपा उपाय म्हणजे मधली फाईल. मालकाने एक तिसरी फाईल करावी आणि मुख्य फाईलमधून तीत फक्त मीटरचा रकाना आणावा. गोदामाची फाईल या मधल्या फाईललाच जोडावी, मुख्य फाईलला नव्हे. 'अलाऊ ॲक्सेस' मालकाने स्वतः, दुकानाच्या ईमेलवरून दाबावे. मधल्या फाईलमध्ये गोदामातील कोणालाही एडिटर करू नये. नाही तर कुलूप लावून किल्ली दारातच ठेवल्यासारखे होईल.

दुसरी अडचण नोकर बदलल्यावर येते. ज्याने 'अलाऊ ॲक्सेस' दाबले, त्याचे नाव मूळ फाईलमधून काढले की ती जोडणी तुटते. मुनीमजी काम सोडून गेले, त्यांचे नाव काढले आणि सारे आकडे गायब झाले, याचे कारण हेच. आकडे मूळ फाईलमध्ये शाबूत असतात. मालकाने पुन्हा परवानगी द्यावी, बस्स. त्याकरिता जुने नाव यादीत तसेच ठेवणे मात्र चुकीचे.

याहून कठीण प्रसंग म्हणजे फाईलच मुनीमजींच्या खासगी ईमेलवर बनलेली असणे. तेव्हा मालकी त्यांचीच असते. ते कामावर असतानाच मालकी दुकानाच्या ईमेलकडे वळवून घ्यावी. खासगी जीमेलमध्ये जुन्या मालकाने विनंती पाठवावी लागते आणि नव्याने ती स्वीकारावी लागते.

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी तीन सवयी लावून घ्याव्यात. दुकानाचा ईमेल वेगळा ठेवावा. 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय हिशेबाच्या फाईलला कधीही देऊ नये. आणि दर महिन्याला 'शेअर' ची यादी उघडून एकेक नाव वाचावे, ज्याचे काम संपले त्याचे नाव काढावे. या कामाला पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. मात्र परवानगी अडली की आधी संदेश वाचावा, लिहिणाऱ्यावर आळ नंतर घ्यावा.