वनभोजनासाठीं चुलीवांचून होणारीं फळांचीं पक्वान्नें

कार्तिक महिन्यांत आवळीखालीं जेवण्याची आणि पौष-माघांत शेतावर हुरडा खाण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत असें घर विरळा, कीं जेथील मंडळी वर्षांतून एकदां तरी उघड्यावर जेवावयास जात नाहींत. कोणी सागरेश्वरास जातात, कोणी सज्जनगडाच्या बाजूस, कोणी धोमच्या जलाशयाकांठीं, तर कोणी आपल्याच मळ्यांतील विहिरीवर बसतात. भाकरी, भरीत, ठेचा, दहीं हीं बरोबर असतातच. गोड पदार्थ मात्र बहुधा वाटेवरच्या दुकानांतून घेतला जातो. वास्तविक याच दिवसांत आपल्या शिवारांत उत्तम फळें तयार असतात. त्यांचें पक्वान्न घरच्या घरीं, चुलीवर कांहीं न शिजवितां, कसें करावें तें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

घरचें फळ घरच्या मुखीं

महाबळेश्वर, पांचगणी, वाई, जावळी या बाजूस डिसेंबरपासून मार्चपर्यंत स्ट्रॉबेरीचा भर असतो. तासगांव, मिरज, पलूस या बाजूस जानेवारीपासून द्राक्षें येऊं लागतात व पुढें त्यांचाच बेदाणा होतो. आटपाडी व जत या कोरड्या मुलखांत डाळिंब उत्तम होतें. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस सन २०१० मध्यें व सांगलीच्या बेदाण्यास सन २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच.

माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. कोणत्या गटांत द्राक्ष आहे व कोणत्या गटांत स्ट्रॉबेरी, हें पीकपाहणीच्या कागदांत मीं पुष्कळ वेळां लिहिलें. परंतु त्या घरच्या मुलांस त्यांतलें किती खावयास मिळतें, याचा रकाना सातबाऱ्यावर नसतो. फिरतीवर असतां जें पाहिलें तें असें, कीं चांगला माल पेटींत जातो, मध्यम माल जाम-सरबताच्या कारखान्याकडे जातो आणि अगदीं लहान किंवा वेडेंवांकडें फळ बांधावर पडतें. घरीं मात्र चहाबरोबर बिस्किटें खाल्लीं जातात. व्यापारी जें फळ आकारासाठीं नाकारतो, तें चवीला उणें नसतें. तें सडकें किंवा बुरशी आलेलें नसेल, तर पक्वान्नासाठीं तेंच घ्यावें.

अग्नि नाहीं तेथें काय करावें

कृति सांगण्यापूर्वीं एक अनुभव सांगणें अवश्य आहे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरची वीस-बावीस माणसें वनभोजनास गेलीं होतीं. चक्का व फळें कालवून केलेला गोड पदार्थ मीं हौसेनें स्वतः केला होता. सकाळीं सात वाजतां तें पातेलें गरम भाकऱ्यांच्या डब्याशेजारीं गाडींत ठेवलें आणि दुपारीं दोन वाजतां वाढलें. वास चांगला होता, चव चांगली होती. सर्वांनीं मागून घेऊन खाल्लें. संध्याकाळीं चार जणांस उलट्या सुरू झाल्या, आणि माझ्या पांच वर्षांच्या नातीस रात्रभर सलाईन लावावी लागली. वैद्यांनीं तीनच प्रश्न विचारले. पदार्थ शिजविलेला होता काय? किती वेळ बाहेर होता? आणि करणाराच्या हाताला कांहीं झालें होतें काय? माझ्या बोटावर खुरप्याची चिघळलेली जखम होती. दोष दुसऱ्या कोणाचाही नव्हता.

जखमेंतील व नाकातोंडांतील जंतु दुधाच्या पदार्थांत पडले व त्यांस ऊब मिळाली, म्हणजे ते झपाट्यानें वाढतात. त्यांपैकीं कांहीं जंतु विष तयार करतात. त्यानें वास बदलत नाहीं, चवही बदलत नाहीं. म्हणून ‘नासलें असतें तर कळलें असतें’ ही समजूत खोटी आहे. सुमारें ५ ते ६० अंश सेल्सिअस या उष्णतेंत जंतूंची वाढ चांगली होते. चुलीवर कढणारें अन्न या मर्यादेच्या वर असतें आणि नीट चालणाऱ्या फ्रीजमधील अन्न तिच्या खालीं असतें. मधल्या अवस्थेंत दुधाचा पदार्थ दोन तासांपेक्षां अधिक ठेवूं नये. आणि हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास.

सारांश, शिजविलेल्या अन्नाची राखण अग्नि करतो. जेथें अग्नि नाहीं तेथें तेंच काम आपणांस तीन गोष्टींनीं करावें लागतें: स्वच्छता, कोरडेपणा व थंडी. खालील सर्व कृतींचें मर्म एवढेंच आहे.

पांढरें चॉकलेट म्हणजे काय

कोको हें मूळचें अमेरिका खंडांतील झाड. आपल्या देशांत केरळ, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडूंत तें नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून लावतात. त्याच्या बिया आंबवून, वाळवून, भाजून वाटल्या, म्हणजे त्यांतून एक घट्ट स्निग्ध पदार्थ निघतो. त्यास कोकोचें लोणी म्हणतात. तपकिरी चॉकलेटांत बियांचा गरही असतो. पांढऱ्यांत तो नसून केवळ कोकोचें लोणी, दुधाची भुकटी व साखर असते. म्हणून त्याची चव आपल्या साताऱ्याच्या कंदी पेढ्याला जवळची वाटते, व आंबटगोड फळाशीं तें चांगलें जुळतें.

विकत घेतांना वेष्टनावरील घटकांची यादी अवश्य वाचावी. आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणें पांढऱ्या चॉकलेटांत कोकोचें लोणी निदान २० टक्के व दुधाचे घनपदार्थ निदान १४ टक्के असावे लागतात. बाजारांत ‘कंपाउंड’ या नांवाच्या स्वस्त लाद्या मिळतात. त्यांत कोकोच्या लोण्याऐवजीं दुसरें वनस्पतिजन्य तूप असतें. तें उन्हांत अधिक टिकतें खरें, परंतु जिभेवर मेणासारखें राहतें. ज्यानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें घ्यावें. मात्र काय घेतलें हें समजून घ्यावें.

कोकोचें लोणी सुमारें ३४ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उष्णतेहून थोड्या कमी उष्णतेवर, वितळतें. यामुळेंच तें तोंडांत विरघळतें, आणि याचमुळें उन्हांत ठेवलेल्या गाडींतही विरघळतें.

चॉकलेट वितळविण्याची रीत

चॉकलेट थेट विस्तवावर ठेवूं नये; तें लागलीच करपतें. एका पातेल्यांत चार बोटें पाणी उकळून पातेलें खालीं उतरावें. त्यावर बसेल असें दुसरें अगदीं कोरडें भांडें ठेवावें. त्याचा तळ पाण्यास लागूं देऊं नये. चॉकलेट बारीक चिरून त्याचे तीन वांटे करावे. दोन वांटे भांड्यांत घालून कोरड्या चमच्यानें हलवीत राहावें. तें वितळलें म्हणजे भांडें पाण्यावरून काढावें, बाहेरून पुसावें, आणि तिसरा वांटा घालून पुन्हा हलवावें. आधींच्या उष्णतेनें तोही वितळतो व सर्व चॉकलेट बेताचें कोमट होतें. या कामांत पाण्याचा थेंबही घातक आहे. ओला चमचा किंवा वाफेचे दोन थेंब जरी पडले, तरी सर्व चॉकलेटाचा खरबरीत गोळा होतो.

कृति पहिली: चॉकलेटांत बुडविलेली स्ट्रॉबेरी

साहित्य: स्ट्रॉबेरी अर्धा किलो, पांढरें चॉकलेट २०० ग्रॅम.

फळें देंठासकट वाहत्या पाण्याखालीं धुवावीं. देंठ आधीं काढल्यास आंत पाणी शिरतें. स्वच्छ फडक्यावर पसरून एकेक फळ पुसावें व पंख्याखालीं अर्धा तास वाळूं द्यावें. नंतर देंठाला धरून फळ दोन तृतीयांश चॉकलेटांत बुडवावें, निथळूं द्यावें व तेलकागदावर ठेवावें. फ्रीजमध्यें वीस मिनिटांत थर घट्ट होतो. स्ट्रॉबेरींत दहा भागांपैकीं नऊ भाग पाणीच असतें. तें सुटून थर मऊ पडतो, याकरितां हा पदार्थ त्याच दिवशीं खावा. टपोरीं द्राक्षेंही याच रीतीनें करतां येतात. मात्र अगदीं लहान मुलांस सबंध द्राक्ष देऊं नये, उभें चिरून द्यावें.

कृति दुसरी: चक्का व फळांच्या वाट्या

साहित्य: घट्ट चक्का अर्धा किलो, पांढरें चॉकलेट २०० ग्रॅम, साधीं बिस्किटें १०० ग्रॅम, पातळ केलेलें तूप तीन चमचे, चिरलेली स्ट्रॉबेरी किंवा डाळिंबाचे दाणे मिळून ४०० ग्रॅम. यांत दहा-बारा लहान वाट्या होतात.

सव्वा ते दीड लिटर म्हशीच्या दुधाचें दहीं फडक्यांत बांधून रात्रभर फ्रीजमध्यें निथळत ठेवावें, म्हणजे एवढा चक्का मिळतो. तो करण्याच्या थोडाच वेळ आधीं बाहेर काढावा; अति थंड चक्क्यांत चॉकलेट घातल्यास त्याच्या गुठळ्या होतात. बिस्किटांचा चुरा तुपांत कालवून झांकणाच्या लहान स्टीलच्या डब्यांत तळाशीं दाबून बसवावा. चक्का घोटून त्यांत कोमट चॉकलेट थोडें थोडें घालीत एकजीव करावें. साखर घालण्याचें कारण नाहीं. चॉकलेटाची गोडी पुरते. हा थर चुऱ्यावर ओतून डबे चार तास फ्रीजमध्यें ठेवावे. फळ आधीं घालूं नये, कारण तें पाणी सोडतें. तें वेगळ्या डब्यांत थंड न्यावें व वाढतेवेळीं वर घालावें. अननस, पपई व किवी हीं फळें कच्चीं असतां दुधाच्या पदार्थांत ठेवल्यास पदार्थ कडसर होतो, म्हणून तीं वर्ज्य करावीं.

कृति तिसरी: बेदाणा व शेंगदाण्याच्या वड्या

साहित्य: पांढरें चॉकलेट २५० ग्रॅम, बेदाणा १०० ग्रॅम, भाजून सोललेले शेंगदाणे १०० ग्रॅम, कुरकुरीत चुरमुरे दोन मुठी.

बेदाणा धुवून, पुसून, सावलींत पूर्ण वाळवावा. चॉकलेट वितळल्यावर सर्व जिन्नस त्यांत कालवून तेलकागद घातलेल्या ताटांत थापावे व घट्ट झाल्यावर वड्या कापाव्या. यांत ओल नसल्यामुळें थंडीच्या दिवसांत या वड्या बंद डब्यांत आठवडाभर टिकतात. जेथें बर्फाची सोय नाहीं, अशा लांबच्या प्रवासास हीच कृति योग्य होय. फक्त डबा उन्हापासून दूर ठेवावा.

नेण्याची व्यवस्था

आदल्या रात्रीं पाण्याच्या बाटल्या पाऊण भरून गोठवाव्या. थर्माकोलच्या पेटींत त्या खालीं व बाजूंस लावून मध्यें डबे ठेवावे. सुटा बर्फ वितळून डब्यांत शिरतो. बाटलींतला शिरत नाहीं, आणि शेवटीं तेंच पाणी पिण्यास होतें. पेटी सावलींत ठेवावी, वारंवार उघडूं नये. गरम अन्नाची व थंड अन्नाची पेटी एकत्र ठेवूं नये. कारकुनाच्या संवयीप्रमाणें मी हल्लीं प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावून पदार्थ केव्हां केला व केव्हां बाहेर काढला तें लिहितों. दप्तरांत आवक-जावक लिहितांना जी काळजी घेतली, ती मुलांच्या पोटांत जाणाऱ्या वस्तूविषयीं अधिकच घेतली पाहिजे. मुदत उलटली तर पदार्थ टाकून द्यावा. त्यांत काटकसर करूं नये.

ज्याच्या हातास जखम, गळूं किंवा ज्यास सर्दी-जुलाब असतील, त्यानें त्या दिवशीं हें काम करूं नये. इतरांनींही साबणानें हात धुवून व नखें कापून बसावें. हें काम केवळ बायकांचें असेंही समजूं नये. स्ट्रॉबेरी पुसणें, डाळिंब सोलणें, वड्या थापणें हीं कामें घरचीं मुलें आनंदानें करतात.

गेल्या पौषांत आम्ही पुन्हा त्याच ठिकाणीं गेलों. वाट्या बर्फाच्या पेटींतून निघाल्या व अर्ध्या तासांत संपल्या. नातीनें प्रथम डब्यावरची चिठ्ठी वाचून घेतली आणि मगच चमचा हातीं घेतला. मला त्यांत समाधान वाटलें. आपल्या बागेंतलें फळ आपल्या मुलांनीं असें निर्धास्त खावें, याकरितां वाचकांनीं या हंगामांत वरीलपैकीं एक तरी कृति करून पाहावी.