वैद्यकीय विद्यार्थ्याचे पहिले संशोधन

अमेरिकेत वैद्यकीय महाविद्यालयात जाण्यापूर्वी बहुधा चार वर्षांची पदवी घ्यावी लागते व त्याच काळात विद्यार्थी एखाद्या प्रयोगशाळेत उमेदवारी करतो. आपल्याकडे बारावी व नीट परीक्षेनंतर विद्यार्थी थेट एमबीबीएसला जातो. साहजिकच संशोधनाशी त्याची पहिली गाठ महाविद्यालयातच पडते. जळगाव शहराचाच भाग असलेल्या पिंप्राळ्याच्या मुलाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी पूर्वी निदान धुळे तरी गाठावे लागे. २०१८ मध्ये जळगावातच असे महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण घराजवळ आले. पण संशोधन मुंबई-दिल्लीच्या संस्थांतच होते, हा समज मात्र अजून पुरता गेलेला नाही.

वस्तुतः भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७९ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेल्या अल्पकालीन योजनेची कल्पना नेमकी उलट आहे. विद्यार्थ्याने आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांत संपेल असा विषय घ्यावा, प्रस्ताव पाठवावा आणि काम पूर्ण करून अहवाल सादर करावा. यासाठी ओळखपाळख लागत नाही. अध्यापकाकडे जाऊन विचारण्याचे धैर्य लागते. ग्रामीण घरातला, मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी अडतो तो येथेच. "सर, मला संशोधन करायचे आहे" एवढेच सांगणाऱ्यापेक्षा, अध्यापकाचा एखादा प्रसिद्ध लेख वाचून त्यातील एक शंका घेऊन जाणाऱ्याचे काम लवकर होते.

प्रश्न लहान असावा. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे वाहक किती, ही मोजणी एकट्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. रुग्णालयात येणाऱ्या सिकलसेल रुग्णांपैकी किती जण हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेतात आणि इतर का सोडतात, एवढे मात्र त्याला झेपते. नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती यांना फाटा देता येत नाही. समितीच्या बैठका रोज होत नसल्याने तयारी आधीच सुरू करावी.

उत्तर अपेक्षेविरुद्ध आले म्हणून कागद फाडू नयेत. १९१६ मध्ये जे मॅक्लीन हा अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठविणाऱ्या द्रव्याचा शोध घेत होता. त्याच्या हाती लागले ते रक्त गोठू न देणारे द्रव्य. पुढे हेपरिन या औषधाचा उगम त्यातूनच झाला. आपल्याकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडच्या परिसरात विंचूदंशाच्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या आणि त्यांच्या आधारे प्राझोसिनच्या उपचाराची उपयुक्तता दाखवून दिली. त्यांच्यापाशी मोठी प्रयोगशाळा नव्हती.

या कामात पंचायतीचाही वाटा आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून गावातील काही कुटुंबे दत्तक घ्यावी लागतात. असा विद्यार्थी वही घेऊन दारात आला की "सरकारी माणूस, रेशनकार्डाची चौकशी करायला आला" असा संशय घरोघर घेतला जातो व माहिती अर्धवट मिळते. सरपंच आणि आशा कार्यकर्ती पहिल्या दिवशी सोबत फिरल्यास तो संशय बराच दूर होतो. मात्र कुणाला कोणता आजार आहे, हे सरपंचांनी त्याला विचारू नये आणि त्यानेही सांगू नये.