जुळणी

कोणतेही यंत्र अनेक भागांचे बनलेले असते. परंतु उत्तम भाग एकत्र आणिले म्हणजे उत्तम यंत्र तयार झाले, असे नव्हे. त्या भागांचा परस्परांशी मेळ बसावा लागतो. संगणकात हा मेळ घालण्याचे कार्य मदरबोर्ड करतो. इतर सर्व भाग त्यावरच बसतात आणि त्याच्याच द्वारे एकमेकांशी बोलतात.

एका मुलास चलच्चित्रे तयार करण्याचा छंद होता. त्या कामास समर्थ संगणक हवा, म्हणून सुटे भाग आणून तो स्वतः जोडावयाचा, असे त्याने ठरविले. वडिलांनी दोन वर्षांची शिल्लक त्याच्या हाती ठेविली. “पुन्हा मागू नकोस आणि वायाही घालवू नकोस,” एवढेच ते म्हणाले.

मुलाने ‘रायझेन ९ ७९५०एक्स’ हा प्रोसेसर विकत आणिला. मग दुकानातील सर्वांत महागडा, रंगीत दिव्यांनी झगमगणारा मदरबोर्ड त्याच्या मनात भरला. त्याची थोरली बहीण अभियांत्रिकी शिकलेली होती. तिने विचारले, “त्याची बैठक कोणती?”

“एलजीए १७००,” मुलगा म्हणाला.

“आणि तुझ्या प्रोसेसरची?”

मुलाने खोक्यावर पाहिले. तेथे ‘एएम ५’ असे लिहिले होते.

“एएम ५ बैठकीत १७१८ संपर्कबिंदू असतात, त्या बैठकीत १७००. फरक अवघा अठरांचा. पण दोन्हींची रचनाच निराळी. कितीही पैसे मोजलेस, तरी हा प्रोसेसर तेथे बसावयाचा नाही. सोन्याची सुरी झाली, म्हणून ती उरात खुपसून घेतात काय?”

मुलगा वरमला. दोघांनी कागद घेऊन एकेक बाब लिहून काढिली.

बैठकीनंतर आली स्मृती, म्हणजे रॅम. जुन्या संगणकातील डीडीआर ४ पट्ट्या वापराव्यात, असा मुलाचा विचार होता. डीडीआर ४ व डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्यांना २८८च संपर्कबिंदू असतात. मात्र त्यांवरील खाच निराळ्या जागी असते. शिवाय एएम ५ बैठकीचे मदरबोर्ड केवळ डीडीआर ५ स्वीकारतात. तेव्हा नव्या पट्ट्यांसाठी पैसे राखून ठेवणे प्राप्त होते.

तिसरी बाब विजेची. “महाग बोर्डात नेमके काय अधिक असते?” मुलाने विचारले. बहीण म्हणाली, “एसएमपीएसकडून बारा व्होल्ट दाबाची वीज येते. प्रोसेसरला मात्र सुमारे एकच व्होल्ट लागतो. दाब उतरविण्याचे काम मदरबोर्ड करतो. तुझा प्रोसेसर १७० वॅटचा. इतक्या कमी दाबावर तेवढी शक्ती पुरवावयाची, म्हणजे शंभर अँपिअरहून अधिक प्रवाह वाहणार. ते भाग दणकट असावेत, त्यांवर उष्णता बाहेर टाकणारे धातूचे जाड ठोकळे असावेत. पैसे द्यावयाचे ते यासाठी, दिव्यांसाठी नव्हे.”

चौथी बाब आकाराची. १९९५ साली रूढ झालेल्या एटीएक्स मापाचा मदरबोर्ड ३०५ मिलिमीटर लांब व २४४ मिलिमीटर रुंद असतो. मायक्रो-एटीएक्स दोन्ही बाजूंनी २४४ मिलिमीटर. मुलाच्या कॅबिनेटमध्ये मोठा बोर्ड मावत होता. शेवटी निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या यादीत प्रोसेसरचे व रॅमचे नाव आहे, याचीही त्यांनी खात्री करून घेतली. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, तर बोर्डावरील बायॉस नावाची आज्ञावली आधी अद्ययावत करावी लागते.

या कसोट्यांना उतरलेला मदरबोर्ड मुलाने निवडला. तो पहिल्यापेक्षा बराच स्वस्त होता. उरलेल्या पैशांत नव्या रॅमच्या पट्ट्या आल्या. बैठकीतील नाजूक पिना वाकू नयेत, म्हणून मुलाने प्रोसेसर अलगद ठेविला, खटका लाविला आणि सर्व जोडण्या दोनदा तपासल्या. कळ दाबताच पडदा उजळला.

वडील दारात उभे होते. मुलाने हिशेबाचा कागद व शिल्लक राहिलेले काही रुपये त्यांच्या हाती दिले. त्यांनी रुपये खिशात घातले, कागद मात्र घडी करून मुलास परत दिला आणि म्हणाले, “हा जपून ठेव.”

स्वाध्याय
१. सर्वांत महागडा मदरबोर्ड मुलाच्या उपयोगी का नव्हता?
२. मदरबोर्ड निवडताना कोणकोणत्या बाबी तपासाव्यात?
३. वडिलांनी मुलास कागद जपून ठेवावयास का सांगितले असेल?