खोली भाड्याची, मत तुझं

"आम्ही भाडोत्री, आमचं कोण ऐकणार?" हे तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हापासून मला चैन नाही बघ. पोरं वळ गावातल्याच शाळेत जातात, तुझे मिस्टर तिथल्याच गोदामात माल चढवतात-उतरवतात, पाणी तू तिथंच भरतेस. मग तू परकी कशी गं?

भिवंडीच्या या पट्ट्यात गोदामं का आली, ते ठाऊक आहे ना? मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेरची जागा, मोकळी शेतं आणि शेजारून जाणारा हमरस्ता. 2017 मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, पण गोदामं राहिली आणि वाढतच गेली. कागदावर गाव ग्रामपंचायतीचंच राहिलं, वस्ती मात्र शहरासारखी दाटली. ही गोदामं चालतात ती तुमच्यासारख्या घरांतल्या माणसांच्या कष्टावर. हे मनात पक्कं धर, म्हणजे बोलताना आवाज कापणार नाही.

आता खरं सांग, तुझं नाव मतदार यादीत कुठे आहे? गावाकडेच ना? मला वाटलंच. "तिथलं नाव काढलं तर जमिनीचं काय, भाऊबंद काय म्हणतील," ही भीती घराघरांत असते. अगं, सातबाऱ्याचा आणि मतदार यादीचा काडीचा संबंध नाही. जमीन ज्याच्या-त्याच्या नावावर राहते. मत मात्र माणूस नेहमी राहतो तिथलं. त्यासाठी घर स्वतःचं लागत नाही, भाड्याची खोलीही चालते. पत्ता बदलायला नमुना 8 भरायचा. तो मोबाइलवरूनही भरता येतो, नाहीतर तुमच्या भागाच्या बीएलओकडे, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या माणसाकडे जायचं. हे काम बहुतेक वेळा अंगणवाडीची ताई किंवा शाळेतले गुरुजी करतात. पत्त्यासाठी बँकेचं पासबुक किंवा नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. करार नसेल तर घरमालकाकडे माग. मागायला लाजू नकोस.

भाड्याच्या खोलीतून मत देणं नवं नाही गं. आपल्याकडच्या किती मुली शिकायला, नर्सिंगला इंग्लंडला जातात. तिथल्या कायद्याने कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना मताचा हक्क आहे, म्हणून पासपोर्ट भारताचा असूनही आपली मुलगी लंडनच्या भाड्याच्या खोलीतून तिथल्या पार्लमेंटसाठी मत देऊ शकते. तिथला कौन्सिल टॅक्सही सहसा राहणाराच भरतो, त्यामुळे कचरा उचलला नाही तर तो हक्काने विचारतो. आणि तू आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत पाहुण्यासारखी वागतेस!

नाव यादीत आलं की तू ग्रामसभेची सदस्य झालीस. वेगळा अर्ज नाही, कोणाची परवानगी नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात आणि त्याआधी महिला सभा. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, पण खुर्चीवर बसलेल्या बाईला समोर बसलेल्या बायकांचा आधार लागतो. पहिल्यांदा महिला सभेलाच जा, तिथे बोलणं सोपं जातं. जे बोललीस ते इतिवृत्तात लिहून घ्यायला सांग. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. अर्ज दोन प्रतींत दे आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. गटार, रस्त्यावरचा दिवा, कचरा यांसाठी पंचायत, विजेसाठी टोरंट वीज कंपनी, रेशनकार्डासाठी भिवंडीचं तहसील कार्यालय. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा आणि नाही मिळाला तर अपील कोणाकडे करायचं, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तो आधी वाच.

एवढं कळवळून का सांगते, तेही ऐक. 29 एप्रिल 2023 ला वळपाड्यातल्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत भरदुपारी कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. आठ जीव गेले. एक जण दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला, एवढाच काय तो दिलासा. तूही गोदामाच्या डोक्यावरच राहतेस. भिंतीला तडा दिसला, खालच्या मजल्यावर माल वाजवीपेक्षा जास्त भरलेला दिसला, तर "मालक खोली खाली करायला लावेल" म्हणून गप्प बसायचं नाही. चाळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि अर्ज पंचायतीत द्यायचा. भिवंडीभोवतालच्या गावांचं नियोजन 2007 पासून एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) आहे, म्हणून एक प्रत तिथेही द्यायची. एकटीचं नाव पुढे आलं तर तुला त्रास होईल, सगळ्यांची नावं असली की कोणाला बाहेर काढणं अवघड जातं.

लिहूनही ऐकलं नाही तर? असं होतं, मी खोटं सांगणार नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमधल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधीच लिहून ठेवलं होतं. कोणी मनावर घेतलं नाही आणि 14 जून 2017 च्या आगीत 72 माणसं गेली. पण त्यांनी लिहिलेलं मागे उरलं. "आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं," असं तिथे कोणाला म्हणता आलं नाही. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं 2024 मध्ये चौकशीच्या प्रमुखांनी उघड सांगितलं. म्हणून उत्तर आलं नाही तर पुन्हा लिही. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज कर आणि माझ्या अर्जावर काय कारवाई केली, ते विचार. 30 दिवसांत त्यांना उत्तर द्यावं लागतं.

मिस्टरांना म्हणावं, ही भांडणं नाहीत, घर सांभाळणंच आहे. या आठवड्यात दोघांचाही नमुना 8 भरा. आणि पुढच्या महिला सभेची तारीख पंचायतीत जाऊन विचार. एकटी जाऊ नकोस, चाळीतल्या चौघी-पाच जणींना सोबत घेऊन जा.