हेड उतरवण्यापूर्वी

नारायणगुडा, हैदराबाद

चि. बाळ यास,

तुझे पत्र पोचले. नांदेडास स्वतःचे गॅरेज थाटल्यावर तुझ्याकडे आलेली पेट्रोलची मोटार निजामाबादच्या रस्त्यावर एकाएकी तापली, बंद पडली आणि पुन्हा सुरू होईना, हे वाचून तुझी विवंचना ध्यानात आली. परंतु गिऱ्हाईक तगादा लावते म्हणून लगोलग इंजिनाचे हेड उतरवण्याचा जो मनसुबा तू कळवतोस, तो तूर्त तहकूब ठेव.

आपल्या नारायणगुड्यातील केशव मेमोरियल शाळा निजामाच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ 1940 साली निघाली, हे तुला ठाऊकच आहे. न्यायाधीशाने साक्षीपुरावा न ऐकता फैसला द्यावा हे जितके गैर, तितकेच मिस्त्रीने गाडीवाल्याची जबानी न घेता पाना उचलणे गैर होय.

म्हणून प्रथम विचार की, गाडी तापली ती उभी असताना की वेगात. येथे उन्हाळ्यात उड्डाणपुलापाशी वाहतूक तुंबली म्हणजे जी गाडी तापते व मोकळा रस्ता लागताच थंडावते, तिचा पंखा, फ्यूज आणि रिले तपासावा; भरधाव तापणाऱ्या गाडीत मात्र पाणी गळणे, रेडिएटर चोंदणे, थर्मोस्टॅट अडकणे किंवा पंप निकामी होणे यांवर संशय धरावा. तापमानाचा काटा खाली होता, एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. पाणी पार आटले की काट्याचा सेन्सर कोरडा पडून खोटी साक्ष देऊ शकतो.

तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि दाब सुटताक्षणी त्याची वाफ होऊन चेहरा व हात भाजून निघतात. तसेच तापल्या ब्लॉकवर गार पाणी ओतल्यास बीड तडकण्याची धास्ती असते. तेव्हा इंजिन पुरते निवू दे.

मग डिपस्टिक काढ. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, आणि हेड गॅस्केटचा संशय बळावतो. यानंतर सेल्फ मारण्याची घाई करू नकोस; सिलिंडरात पाणी साचले असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सगळे प्लग काढून क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लाव व इंजिन हाताने, हळूहळू फिरव. मुळीच फिरले नाही तर ते आतून जाम झाले आहे. फिरले, तर आधी टायमिंग बेल्ट पाहा. काही इंजिनांत पाण्याचा पंप त्याच बेल्टवर चालतो. पंप अडकून बेल्ट तुटला तर तापणे आणि सुरू न होणे या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच निघते. बेल्ट शाबूत असेल, तरच गेज लावून कॉम्प्रेशन मोज. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम खाली आले असेल, तर त्यांच्यामधील गॅस्केट जळाले असावे, असे समज. कॉम्प्रेशन ठीक असूनही इंजिन धरत नसेल, तर ठिणगी, पेट्रोल आणि क्रँकचा सेन्सर, याच क्रमाने पाहा.

एवढी चौकशी झाल्यावर हेड उतरवणे प्राप्तच असेल तर खुशाल उतरव, आणि सरळपट्टी लावून ते वाकले आहे काय हेही तपास. परंतु ध्यानात ठेव, जळालेले गॅस्केट हा पुष्कळदा परिणाम असतो, कारण नव्हे. ज्या गळतीमुळे अथवा ज्या पंपामुळे इंजिन तापले, तो दोष तसाच राहिला तर नवे गॅस्केटही जळेल, गिऱ्हाइकाचा खर्च वाया जाईल आणि तुझा लौकिक बुडेल.

गाडीवाल्याला बोलावून सदोष भाग प्रत्यक्ष दाखव, खर्चाचा अंदाज लेखी दे आणि त्याची मंजुरी घेऊनच काम हाती घे. कारण सापडल्याखेरीज कोणताही भाग बदलू नकोस, एवढेच माझे निक्षून सांगणे आहे. कळावे.

तुझा,
मामा